ढकललं की चालतं, सोडलं की थांबतं

नाशिकहून एकांनी विचारलंय. त्यांचे मामा लेस्टरला होते. कायमचे परत येताना त्यांनी जुन्या मॉडेल ट्रेनचं अख्खं खोकं भाच्याला दिलं. त्यात हॉर्नबी कंपनीचं ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ (याची मोटर टेंडरमध्ये, म्हणजे इंजिनामागच्या कोळसा-पाण्याच्या डब्यात), लिमा कंपनीचं ३३ वर्गाचं डिझेल, चार चाकांचं, टेंडर नसलेलं एक चिमुकलं टँक इंजिन, वर्तुळभर रूळ, गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवायचे दोन सांधे आणि वेग कमी-जास्त करायचा कंट्रोलर एवढा ऐवज. तिन्ही इंजिनांचं दुखणं एकच. बोटानं ढकललं की चालतात, दोन हात जाऊन थांबतात, पुन्हा ढकलावं लागतं. कंट्रोलर पूर्ण फिरवला तर सुसाट पळतात, हळू चालवायला गेलं की अडखळतात आणि सांध्यावर हमखास मरतात. यांनी पॉलिश पेपरनं चाकं घासली, मग गंज सोडवायचा स्प्रे मारला. दहा मिनिटं झकास चाललं आणि नंतर आधीपेक्षा वाईट झालं. आता ते विचारतायत, मोटर गेली असेल का, आणि नवी मोटर भारतात कुठे मिळेल?

मोटरीला अजून हात लावू नका. तीन वेगवेगळ्या बनावटीच्या मोटरी एकाच खोक्यात एकदम जात नाहीत. आणि ढकलल्यावर जी मोटर चालते ती मेलेली नसते, उपाशी असते. तिच्यापर्यंत वीज सलग पोचत नाहीये. म्हणजे ‘मोटर कुठे मिळेल’ हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवू. वीज वाटेत नेमकी कुठे अडते हे आधी शोधायला हवं. तुम्ही आत्तापर्यंत जे केलंत ते अडथळा न शोधताच दिसेल तिथे घासणं होतं. जुनी इंजिनं विकत घेणारे बहुतेक जण तिथूनच सुरुवात करतात. मीही केली होती.

माझी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली. हजारो रिले, म्हणजे विजेवर चालणारे स्विच, प्रत्येक रिलेला कॉन्टॅक्टच्या जोड्या, आणि त्यातली एक मळली की कुणाचा तरी फोन मुका. तिथे पहिल्याच आठवड्यात दोन गोष्टी शिकवल्या होत्या. कॉन्टॅक्टला सँडपेपर लावायचा नाही, आणि कुठला कॉन्टॅक्ट खराब आहे हे मोजल्याशिवाय कशालाच हात लावायचा नाही. नंतर मुंबईच्या चोरबाजारात एक मोडकं इंजिन हाती लागलं आणि हा छंद जडला, तेव्हा लक्षात आलं की हेही तेच काम आहे, फक्त कॉन्टॅक्टला चाकं लावलेली.

विजेचा रस्ता डोळ्यांसमोर आणा. कंट्रोलरमधून तार रुळाला येते. रुळाच्या एका तुकड्यातून दुसऱ्यात वीज जाते ती फिशप्लेटमधून, म्हणजे नुसत्या दाबून बसवलेल्या पत्र्यातून. मग रुळावरून चाकाच्या कडेत. ती जागा टाचणीच्या डोक्यापेक्षाही लहान असते, आणि चाक फिरत असल्यामुळे दर क्षणी बदलते. चाकातून पिकअपच्या, म्हणजे चाकाला टेकून वीज घेणाऱ्या पट्टीत किंवा आसातून सांगाड्यात, तिथून तारेनं ब्रशला, म्हणजे मोटरीतल्या कार्बनच्या छोट्या तुकड्याला, आणि ब्रशमधून मोटरीच्या फिरत्या भागावरच्या तांब्याच्या गोलाला, म्हणजे कम्युटेटरला. मोटरमधून बाहेर पडल्यावर हाच सगळा प्रवास उलट्या दिशेनं, दुसऱ्या रुळापर्यंत. मोजलं तर आठ-दहा ठिकाणी धातू धातूला नुसता टेकलेला असतो, जोडलेला नसतो. त्यातल्या एकानं दगा दिला की गाडी उभी.

आता थोडा हिशेब. जुनी मोटर चालताना साधारण ०.४ अँपिअर घेते असं धरा. वाटेत कुठे तरी मळामुळे १० ओहमचा अडथळा असेल, तर तिथेच ४ व्होल्ट खर्च होतात. कंट्रोलर पूर्ण उघडलेला असेल तर १२ मधले ८ व्होल्ट मोटरीला मिळतात, आणि ती पळते. पण हळू चालवायला तुम्ही ४-५ व्होल्टच दिलेत तर मोटरीच्या वाट्याला काय उरलं? त्यातून बंद मोटर सुरू होताना चालत्या मोटरीपेक्षा जास्त करंट मागते, म्हणजे नुकसान सगळ्यात जास्त सुरुवातीच्याच क्षणी. ‘ढकललं की चालतं’ ते यामुळे. तुमच्या बोटानं तो पहिला क्षण पार करून दिलेला असतो.

इथेच मीटर फसवतो. तुम्ही रुळावर मल्टिमीटर लावून पाहिलात आणि सगळीकडे १२ व्होल्ट दिसले असं लिहिलंय. दिसणारच. मीटर स्वतः जवळजवळ करंट घेत नाही, त्यामुळे मळातूनही तो पूर्ण व्होल्टेज दाखवतो. त्यासाठी स्कूटरच्या पार्किंग लाइटचा १२ व्होल्ट ५ वॅटचा बल्ब आणा. तोही ०.४ अँपिअरच खातो, म्हणजे आपल्या इंजिनाचा जुळा भाऊ. त्याला दोन तारा सोल्डर करा, कंट्रोलर पूर्ण उघडा आणि बल्ब वर्तुळाच्या वेगवेगळ्या ठिकाणी रुळांना टेकवत जा. सोबत मीटरही लावा. कंट्रोलरजवळ ११.५ आणि समोरच्या टोकाला ७ दिसले तर दोष इंजिनात नाही, फिशप्लेटमध्ये आहे. बल्ब एका तुकड्यावर भगभगीत आणि पुढच्या तुकड्यावर मंद झाला की मधला सांधणीचा पत्रा गुन्हेगार.

दुसरी परीक्षा याहून सोपी. इंजिन घडी घातलेल्या टॉवेलवर उलटं ठेवा आणि कंट्रोलरच्या तारा थेट चाकांना टेकवा. उलटं छान फिरलं आणि रुळावर अडखळलं, तर आधी रूळ बघा. उलटंही अडखळलं तर इंजिन. तारा मग थेट ब्रशच्या टोकांना लावा. तिथे मोटर गुळगुळीत फिरली तर अडचण चाक आणि ब्रश यांच्या मधे आहे, मोटर निर्दोष. पाच मिनिटांत तीन शक्यतांमधली एक उरते, आणि स्क्रूड्रायव्हर त्यानंतर उचलायचा.

एक सावधगिरी. स्कॉट्समन उलटं करून इंजिनाच्या डाव्या-उजव्या चाकांना तारा लावल्यात तर काहीच होणार नाही, आणि तुम्ही म्हणाल मोटर गेली. या टेंडर-ड्राइव्ह इंजिनांची रचनाच वेगळी आहे. एका रुळाची वीज घेतात पुढच्या इंजिनाची चाकं, दुसऱ्या रुळाची घेतात मागच्या टेंडरची चाकं, आणि मोटर असते टेंडरमध्ये. त्यामुळे एक तार इंजिनाच्या चाकाला, दुसरी टेंडरच्या विरुद्ध बाजूच्या चाकाला लावावी लागते. इंजिनानं गोळा केलेली वीज टेंडरकडे जाते ती दोघांना जोडणाऱ्या दांडीतून आणि तिच्या खिळीतून. म्हणजे जी जागा वळणावर सगळ्यात जास्त हलते तीच विजेचा पूल. माझ्या टेबलावर आलेल्या अशा इंजिनांत निम्म्याहून जास्त वेळा दोष याच खिळीत निघाला.

ती तपासायची तर इंजिन आणि टेंडर जोडलेले ठेवून मीटर ओहमवर ठेवा. एक टोक इंजिनाच्या सांगाड्याला, दुसरं टेंडरमध्ये त्या दांडीची वीज जिथे मोटरीला पोचते तिथे. आता टेंडर वळणावर वळेल तसं डावी-उजवीकडे हलवा. आकडा स्थिर आणि एक-दोन ओहमच्या आत असेल तर ठीक. तो २ वरून ४० वर आणि परत ५ वर असा नाचायला लागला तर चोर सापडला. मी खिळी आणि दांडीचं भोक साफ करतो, पण तेवढ्यावर थांबत नाही. एक मऊ, बारीक, अनेक केसांची तार इंजिनाच्या सांगाड्यापासून थेट टेंडरमधल्या त्या टोकापर्यंत सोल्डर करतो. दांडीनं फक्त ओढायचं काम करावं, वीज तारेतून जावी. तार थोडी सैल सोडा, नाहीतर वळणावर टेंडर रुळावरून उचललं जाईल. कडक तार तर मुळीच वापरू नका. मी एकदा लँडलाइन फोनच्या आतली तार वापरली होती. पहिल्याच वळणाला टेंडर आडवं. (खऱ्या ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ची बांधणी १९२३ साली डॉनकॅस्टरला झाली. त्याच्या टेंडरमध्ये कोळसा आणि पाणी असे. मोटर घालायची कल्पना खेळणीवाल्यांची.)

आता लिमा. याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण इथे नुसतं साफ करून भागत नाही. लिमा ही इटलीतल्या विचेंझाची कंपनी. मालकी २००४ साली हॉर्नबीकडे गेली, पण सेकंडहँड बाजारात फिरणारी बरीचशी डिझेलं त्याआधीची आहेत. या इंजिनांखाली चार-चार चाकांचे दोन वळते गाडे, म्हणजे बोग्या असतात. त्यांत मोटर असलेल्या बोगीच्या एका बाजूच्या दोन चाकांना रबरी टायर असतात, पकड मिळावी म्हणून. रबरातून वीज जात नाही. म्हणून ती बोगी दुसऱ्या बाजूच्या दोन चाकांनीच, म्हणजे एकाच रुळाची, वीज घेते. दुसऱ्या रुळाची वीज घेते मागची बोगी, तीही दोन चाकांनी. आठ चाकांचं इंजिन, आणि प्रत्यक्ष काम करणारी चाकं चार, प्रत्येक रुळावर दोन. त्यातलं एक चाक मळलं आणि दुसरं त्याच वेळी सांध्याच्या प्लॅस्टिकच्या भागावर आलं की संपलं. तुमच्या सांध्यावरच्या मरणाचं हे सगळ्यात संभवनीय कारण.

त्यामुळे लिमाच्या बाबतीत मी तीन पायऱ्यांनी जातो. आधी असलेली चार चाकं चकचकीत करतो आणि मागच्या बोगीतली पट्टी आसाला नीट टेकते का ते बघतो. चाक दोन्ही बाजूंना जेवढं सरकतं तेवढं सरकवून पाहा, कारण मधोमध असताना टेकणारी पट्टी वळणावर सुटते. मग टायर. जुने टायर ताठ होतात, फुगतात किंवा वितळल्यासारखे होऊन रुळांवर काळा चिकटा सोडत जातात. तुमच्या रुळांवर तसा काळा पट्टा असेल तर रूळ कितीही पुसा, टायर बदलेपर्यंत तो परत येणार. नवा टायर खाचेत नीट बसला पाहिजे. जाड टायर घातला तर ती बाजू उचलली जाते आणि वीज घेणारी चाकं अधांतरी.

तिसरी पायरी म्हणजे जादा पिकअप. मागच्या बोगीतल्या ज्या बाजूची चाकं वीज घेत नाहीत, त्यांच्या मागच्या धातूच्या कडेला टेकतील अशा दोन पातळ फॉस्फर ब्राँझच्या पट्ट्या बसवायच्या. कड धातूचीच आहे ना, हे मात्र आधी पाहा. तांब्याचा थर असलेल्या सर्किट बोर्डाचा नखाएवढा तुकडा बोगीच्या तळाला चिकटवा, पट्ट्या त्यावर सोल्डर करा आणि तिथून बारीक तार मोटर बोगीच्या त्याच रुळाच्या टोकाला न्या. आता एका रुळावर दोनऐवजी चार चाकं झाली. दुसऱ्या रुळावर मात्र दोनच राहतात, कारण तिकडची उरलेली दोन चाकं टायरची. तो पूर्ण इलाज नाही, पण फरक जाणवतो. ज्यांना त्यापुढे जायचंय ते इंजिनामागच्या पहिल्या डब्याला धातूची चाकं आणि पिकअप लावून दोन तारा इंजिनात आणतात. डबा मग कायमचा जोडलेला राहतो. मला ते चालतं, काहींना शोभत नाही.

तार जोडून झाली की गाडी रुळावर ठेवण्याआधी डाव्या आणि उजव्या चाकांमध्ये ओहम मोजा. मोटरीच्या गुंडाळीचा आकडा दिसायला हवा, साधारण काही ओहम ते काही दहा ओहम. शून्य दिसलं तर तुम्ही पट्टी चुकीच्या बाजूला जोडली आहे आणि रुळावर ठेवताच शॉर्ट होईल. आणि मीटरच्या ‘बीप’वर विसंबू नका. बऱ्याच मीटरांत तो तीस-चाळीस ओहमलाही वाजतो, आणि आपल्याला दहा ओहमच जड जातात हे वर पाहिलंच. आकडा वाचा.

पट्ट्यांचा दाब किती, हे लिहून सांगणं कठीण. चाकावरून काढल्यावर पट्टी आपणहून केसभर आत यावी, एवढाच. जास्त दाबलीत तर ती ब्रेक होते, हलकं चाक फिरायचंच थांबतं आणि घसरत जातं. मी पट्टी लावल्यावर बोगी उतारावर ठेवून सोडतो. आपणहून घरंगळली तर दाब बरोबर. फॉस्फर ब्राँझ मिळत नसेल तर जुन्या रिलेमधल्या पट्ट्या काढा, त्याही स्प्रिंगसारख्या असतात. पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या, मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या दुकानांत जुना माल विचारून पाहा. नाशिकचं मला ठाऊक नाही, पण टीव्ही दुरुस्त करणारा एखादा जुना माणूस गाठलात तर त्याच्या डब्यात निघेल.

चिमुकल्या टँक इंजिनाबद्दल थोडक्यात. चार चाकं, आखूड अंतर. हॉर्नबीच्या सांध्यांत जिथे दोन रूळ एकमेकांना छेदतात तो भाग प्लॅस्टिकचा असतो. मोठं इंजिन त्यावरून जाताना त्याची बाकीची चाकं रुळावर असतात, याच्याकडे बाकीची चाकंच नाहीत. त्याला फार सावकाश नेऊ नका, थोड्या वेगानं पार होऊ द्या. सांध्याची हलणारी जीभ शेजारच्या रुळाला जिथे टेकते तिथेही मळ साचतो. पुढच्या रुळाला वीज बऱ्याचदा त्याच टेकण्यातून जाते, म्हणून जीभ आणि रुळाची आतली बाजू दोन्ही पुसा. तुमच्या या इंजिनात जर जुनी उघडी एक्स-०४ मोटर असेल, तर ब्रश दाबणाऱ्या तारेच्या स्प्रिंगवर एका बाजूला इन्सुलेशनची बारीक नळी असते. मामांच्या किंवा त्यांच्याआधीच्या मालकाच्या हातून ती हरवली असेल तर सरळ शॉर्ट. सेकंडहँडमध्ये मी हे अनेकदा पाहिलंय.

आता साफसफाई. सँडपेपर आणि पॉलिश पेपरनं चाकावर बारीक चरे पडतात आणि मळ त्या चऱ्यांत बसतो. तुमची चाकं घासल्यावर दहा मिनिटं चालली आणि मग आधीपेक्षा लवकर मळली, त्याचं एक कारण हेच. दुसरं कारण तो स्प्रे. तो मळ सोडवतो खरा, पण मागे तेलकट थर सोडतो, त्यावर धूळ बसते आणि ब्रशचा कार्बन मिसळून काळी लापशी तयार होते. तारेचा घासा तर इंजिनाच्या आसपासही आणू नका. त्याचे बारीक तुकडे मोटरीच्या चुंबकाला चिकटतात आणि मग ते काढता काढता नाकी नऊ येतात.

मी आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरतो. मोबाइल दुरुस्तीवाल्यांकडे किंवा इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतं. सॅनिटायझर नको, त्यात ग्लिसरीनसारखे पदार्थ असतात आणि ते चाकावर राहतात. जुन्या सुती धोतराचा किंवा साडीचा तुकडा अल्कोहोलनं नुसता दमट करून रुळांवर आडवा टाका. इंजिनाचा अर्धा भाग फडक्यावर, अर्धा उघड्या रुळावर ठेवा, आणि इंजिन हातानं धरून वीज द्या. फडक्यावरची चाकं जागच्या जागी फिरतात आणि काळ्या रेघा उमटतात. स्कॉट्समनचं अख्खं टेंडर किंवा लिमाची अख्खी मोटर बोगी मात्र एकदम फडक्यावर घेऊ नका, निम्मीच घ्या, नाहीतर एका रुळाची वीज तुटते. रेघा फिक्या होईपर्यंत फडकं सरकवत राहा, मग इंजिन उलट दिशेला वळवा. न फिरणारी चाकं कानात घालायच्या कापसाच्या काडीनं. फडकं ओलंचिंब करू नका आणि खिडकी उघडी ठेवा. अल्कोहोल पेट घेतं आणि उघड्या ब्रशवर ठिणग्या पडतात. लायटरचं पेट्रोल काही जण वापरतात, पण ते चालत्या मोटरीजवळ कधीच नाही. रंगावर आणि छापलेल्या अक्षरांवर अल्कोहोल लागू देऊ नका. स्कॉट्समनवरचा ४४७२ हा आकडा पुसून गेला तर मामा विचारतील.

हट्टी मळ असेल तर रुळांवर मी मऊ खोडरबर चालवतो, मॉडेलवाल्यांचा वेगळा मिळतो तो आणखी बरा. तुमच्या खोक्यात दोन प्रकारचे रूळ आहेत असं वाटतं. काही निकेल सिल्व्हरचे, ते किंचित पिवळसर दिसतात, आणि काही पोलादी. ओळखायचं तर चुंबक लावा. पोलादी रूळ आपल्याकडच्या पावसाळ्यात गंजतात, कोकणात तर एका श्रावणात लाल होतात. ते दाखवायच्या भागात, साइडिंगला, म्हणजे गाड्या उभ्या करायच्या बाजूच्या रुळाला वापरा, मुख्य वर्तुळ निकेल सिल्व्हरचं ठेवा. आणि फिशप्लेटवर भरवसा टाकण्यापेक्षा वर्तुळात तीन-चार ठिकाणी रुळाच्या खालून तारा सोल्डर करून एका जाड तारेला जोडा. बल्बच्या परीक्षेत फरक लगेच दिसेल. पुण्यात कोथरूडला जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १९९८ पासून आहे, तिथे कधी गेलात तर गाड्यांबरोबर रूळही निरखा.

तेलाचं काय? तुम्ही लिहिलंय की मामा ‘घरातलंच तेल’ घालायचे. मला शंका खोबरेलाची. लेस्टरच्या थंडीत ते थिजतं, आणि जुनं झालं की चिकट होतं. आसांवर आणि गिअरमध्ये पिवळट चिकटा दिसला तर तो आधी पूर्ण काढा. नंतर शिलाई मशीनचं हलकं तेल सुईच्या टोकानं, आसाच्या टोकांना एकेक थेंबाहूनही कमी. प्लॅस्टिकला चालणारं तेल मिळालं तर ते घ्या. कम्युटेटरवर तेल नको, चाकाच्या कडेवर नको, पिकअपच्या पट्टीवर नको.

हे सगळं करूनही थेट ब्रशवर वीज दिल्यावर मोटर विशिष्ट जागीच अडली, तर मग मोटर उघडायची. कम्युटेटरचा तांब्याचा गोल अल्कोहोलच्या काडीनं पुसा. त्याच्या तुकड्यांमधल्या खाचांत कार्बन भरतो, तो लाकडी टूथपिकनं काढा, सुईनं नाही. ब्रश फार आखूड झालेत का पाहा. मग तुकड्या-तुकड्यांत ओहम मोजा. सगळ्या जोड्यांचे आकडे जवळपास सारखे हवेत. एक जोडी वेगळी निघाली तर गुंडाळी तुटली आहे, आणि तेव्हा मात्र मोटर किंवा आर्मेचर, म्हणजे तिचा गुंडाळीचा फिरता भाग, शोधायला लागा. ब्रशांजवळ एखादा छोटा कपॅसिटर असेल तर तो पूर्वी टीव्हीवर खरखर येऊ नये म्हणून बसवत. तो शॉर्ट झाला असेल तर काढून टाकलात तरी गाडी चालते.

काही गोष्टी मला इथून सांगता येणार नाहीत. सांगाड्याच्या ओतीव धातूला भेगा असतील, तो फुगला असेल किंवा बोटानं त्याची भुकटी होत असेल, तर तो जस्ताच्या मिश्रधातूचा जुना रोग आहे आणि त्यावर इलाज नाही. इंजिनाचे सुटे भाग म्हणून ते विका. पुढे कधी तुम्ही मेनलाइन कंपनीचं किंवा बाखमान कंपनीचं जुनं इंजिन घेतलंत, तर त्यात सांगाडाच दोन भागांत असतो आणि वीज आसांच्या टोकांतून थेट सांगाड्यात जाते. तिथे पट्टी वाकवून काही होत नाही, आसाच्या बेअरिंगमधला मळ काढावा लागतो आणि दोन अर्ध्या आसांना जोडणारी प्लॅस्टिकची नळी तडकली आहे का ते पाहावं लागतं. ‘विजेचा साठा करणारा कपॅसिटर लावा’ असा सल्ला तुम्हाला कुणी देईल. तो डिजिटल डिकोडर, म्हणजे कंट्रोलरचे डिजिटल हुकूम समजणारं सर्किट, बसवलेल्या इंजिनांसाठी आहे. तुमच्या साध्या डीसी कंट्रोलरवर त्याचा उपयोग नाही, कारण उलटी दिशा दिली की रुळाचं धन-ऋण बदलतं.

कंट्रोलरबद्दल एक वाक्य कडक शब्दांत. ब्रिटनमधला असल्यानं तो आपल्या २३० व्होल्टवर चालेल, पण त्याच्या मेन्सच्या वायरचं रबर तडकलं असेल किंवा तो धातूच्या खोक्याचा असून अर्थिंगची खात्री नसेल, तर वापरू नका. तो उघडून दुरुस्त करू नका. भारतात बनलेला १२ व्होल्टचा चांगला डीसी अडॅप्टर आणि त्यापुढे वेग-नियंत्रक लावलात तर काम भागतं.

तुमच्यासाठी क्रम असा लावा. या रविवारी फक्त बल्ब आणि उलटं इंजिन, स्क्रूड्रायव्हर नाही. पुढच्या वेळी रूळ आणि चाकं अल्कोहोलनं. मग स्कॉट्समनची खिळी आणि तार. लिमा सगळ्यात शेवटी, कारण त्याला सोल्डर लागेल आणि तुमचा हात तोपर्यंत बसलेला असेल. एका वहीत प्रत्येक चाकाचा ओहमचा आकडा लिहून ठेवा आणि साफ केल्यावरचा शेजारी लिहा. स्कॉट्समनची दांडी हलवताना मीटर कुठून कुठे गेला तेवढं मला कळवा, तार कुठून कुठे न्यायची ते मग नक्की सांगतो.